नाना, तो कागद मी खोटा वाचला होता

नाना,

आपल्या गावच्या मोऱ्यांच्या कुलवृत्तांतात सुरुवातीला तुमच्यावर दोन-चार पानं लिहायची, असं अशोकदादानं मला तुमच्या तेराव्याच्या जेवणानंतर सांगितलं. तुमचा मुलगा म्हणून तो हक्क त्याचाच. तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, मिळालेले सत्कार, सगळं त्यानं एका कागदावर लिहून दिलं. तो कागद माझ्यापुढं आहे आणि त्यातलं मी काहीही इथं घेणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मला जे लिहायचं आहे ते एका माणसालाच माहीत होतं, तो माणूस मी. तुम्हाला ते सांगायला मला अकरा वर्षं उशीर झाला.

मी कमी बोलतो. ‘याच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे चिपाडातून रस काढायचा,’ असं तुम्ही म्हणायचात. त्यावर काकू म्हणायच्या, ‘असू द्या की. घरात एक बोलतोय ते पुरे हाय.’ गप्प बसणाऱ्या माणसाला लोक खोल समजतात. तो समज मी कधी खोडला नाही. फायद्याचा होता.

माझे वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. तुम्ही त्यांचे चुलतभाऊ, असं तेव्हा आपण सगळेच धरून चाललो होतो. दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून शाळेत घेऊन गेलात. एवढे बोलके तुम्ही, पण त्या वाटेवर एक शब्द काढला नाहीत. शाळेच्या फाटकाशी उतरवून फक्त म्हणालात, ‘मी आहे.’ आणि तुम्ही होतात, नाना. पुढची चाळीस वर्षं होतात. सुट्ट्यांत तुमच्या ओट्यावर बसवून, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही मला मोडी शिकवलीत. ‘मोडी लिहिणारा हात उचलत नाही, वाचणाऱ्यानं डोळा उचलू नये,’ हा तुमचा नियम. आज मी सावेडीत राहतो, दस्त लिहितो, आणि लोक पणजोबा-खापरपणजोबांचे कागद वाचून घ्यायला माझ्याकडं येतात. तुम्ही शिकवलेल्या अक्षरांवर माझं घर चाललं.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, तुम्ही मोऱ्यांना लागलात. ‘आडनाव म्हणजे एसटीची पाटी,’ तुम्ही म्हणायचात. ‘पाटी वाचून गाडी कुठली ते कळतं. आत कोण बसलंय ते कळत नाही. त्यासाठी चढावं लागतं.’ तुम्ही चढलात. आधी तुमच्या एम-एटी गाडीवर, मग एसटीनं, आणि डोळे अधू झाल्यावर माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर. शेतकरी मोरे सापडले, मेंढरांमागं फिरणारे मोरे सापडले, बौद्ध मोरे, रविवारी चर्चला जाणारे मोरे, आणि एक मुसलमान घर सापडलं. त्यांच्या पणज्याच्या दाखल्यावर हेच आडनाव होतं. त्या घरच्या आजोबांनी तुम्हाला हसून सांगितलं होतं की, मास्तर, शिरखुर्म्याला या, तेव्हा निवांत नातं काढू. तुम्ही खरोखरच गेलात.

प्रत्येक घरी तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. तुमचं देवक काय? लग्नाच्या मांडवात जे आधी पुजतात ते कुळाचं चिन्ह. एक देवक म्हणजे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही. आपलं देवक मोरपीस. कर्जतकडच्या एका घरी तुम्ही असंच देवक विचारलंत, तर घरातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आतून पोहे आले. पोह्यांमागून घरधनी मुलीचा फोटो आणि बायोडाटा घेऊन आला. देवक विचारतोय म्हणजे हा मध्यस्थच, असं त्यांनी धरलं. मी जमिनीकडं बघत राहिलो. तुम्ही मात्र बायोडाटा पूर्ण वाचलात, दोन प्रश्न विचारलेत, घडी घालून खिशात ठेवलात. वर्षभरात त्या मुलीचं लग्न तुम्ही पारनेरला जमवलंत. अक्षता टाकून परत येताना म्हणालात, ‘वंशावळीत भर पडली नाही, पण कुणाच्या तरी पडेल.’

आपला एक वाद राहिलाच. मोर हे मौर्यांचं चिन्ह, मोरे म्हणजे मौर्य, असं तुमचं ठाम मत. भिंतीवर भारताचा नकाशा, त्यावर पाटण्यापासून श्रीगोंद्यापर्यंत लाल स्केचपेनची रेघ. मी एकदा म्हणालो होतो, ‘नाना, मधली हजार-दीड हजार वर्षं कुणी काहीच लिहिलेलं नाही.’ तुम्ही लगेच म्हणालात, ‘तुझ्यासारखे असतील. माहीत असून गप्प बसणारे.’

तुम्ही हसलात. मीही हसलो. ते वाक्य पुढं माझ्या अंगाला इतकं बसेल, असं तुम्हाला वाटलं नसणार.

आता शेवंताबाईंकडं येतो.

अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्या पाथर्डीहून दोन गाड्या बदलून तुमच्या दारात आल्या. वडार समाजाचं घर. त्या पाटे-वरवंटे घडवून गावोगाव विकायच्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ भीमा ट्रॅक्टरवर कंप्रेसर घेऊन विहिरींच्या कामावर जायचा. अशाच एका कामावर भीमानं ऐकलं होतं की श्रीगोंद्याकडं कुणी मास्तर मोऱ्यांची नावं गोळा करतोय. शेवंताबाई ओट्याच्या कडेला बसल्या. काकूंनी आत या म्हटलं तरी आत आल्या नाहीत. चहा पिऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि एकदम मुद्द्यावर आल्या.

‘आमच्या म्हाताऱ्याचा म्हातारा सांगायचा, आपला थोरला भाऊ ह्या गावात मोऱ्यांच्या घरात ऱ्हायला. म्हनून आमी बी मोरेच लावतो. भावाचं नाव तेच आपलं.’

तुम्ही देवक विचारलंत. त्या म्हणाल्या, ‘मोरपीस. आन त्याच्या शेजारी दगड फोडायची टाकी.’

तुम्ही खुर्चीत पुढं सरकलात. डोळ्यांतला काचबिंदू बळावत होता, समोरचा चेहरा तुम्हाला धड दिसत नव्हता, पण त्या आवाजाकडं तुम्ही असं बघत होतात की जणू नकाशावरची रेघ स्वतः उठून ओट्यावर आली आहे. निघताना शेवंताबाई म्हणाल्या, ‘मास्तर, आमाला बी घ्या की तुमच्या पुस्तकात. जागा लई लागायची न्हाई.’

तुमच्या वह्यांत सगळे मोरे होते. पुस्तक मात्र समितीचं होतं. समिती म्हणजे भावकीतले थोरले तात्या आणि आणखी पाच-सहा भाऊबंद. तात्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की वेल फक्त आपल्या गावच्या मोऱ्यांची, एका मुळाची. ते मूळ म्हणजे राणोजी मोरे. नव्या माणसाचं नाव घालायचं तर कागद पाहिजे. ‘देवक काय, कुनीबी ठेवतंय. कागद असंल तर नाव, न्हाईतर न्हाई,’ असं तात्यांनी सांगितलं आणि तुम्हीही ते मान्य केलंत. तुम्हाला खात्री होती की कागद निघेल.

आणि तो निघाला.

गावच्या जुन्या कुलकर्ण्यांच्या वंशजांनी पुण्याहून एक रुमाल पाठवला होता, फडक्यात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं. शेवंताबाई येऊन गेल्यानंतरच्या रविवारी दुपारी आपण ते सोडलं. तुम्ही खुर्चीत, मी खाली सतरंजीवर. तुम्हाला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी एकेक कागद मोठ्यानं वाचत होतो. सात-आठ कागद शेतसाऱ्याचे, एक बांधाच्या भांडणाचा. मग तो आला. एवढासा, एका बाजूला वाळवीनं खाल्लेला. माझी पद्धत अशी की आधी मनात वाचायचं, मग मोठ्यानं. म्हणून तो आधी मला कळला.

त्यात जे आहे ते आज जसंच्या तसं लिहितो:

‘मौजे मजकुरी विहिरीचे कामास वडारी आला होता तो दरड पडोन मयत जाहाला. त्याचे लेक दोघे. थोरला यल्या, उमर अदमासे वर्षे पाच, राणोजी मोरा याणे आपले घरी ठेविला, गोतात घेतला, एके ताटी जेविला. धाकटा तान्हा, त्यास मावशीने पालांबरोबर नेला. पुढे थोरल्यास मोरियाचे भाऊपण चालवावे. कोणी मोडता घालू नये.’

नाना, आपल्या वेलीत राणोजीचा थोरला मुलगा यल्लोजी. आणि यल्लोजीपासून आमची पाती, म्हणजे शाखा, सुरू होते. माझे वडील, मी, माझ्या मुली. हे असं तेलुगू वळणाचं नाव मोऱ्यांत दुसरं कुणाचंच कसं नाही, हे कोडं तुम्हीच मला किती वेळा घातलं होतं. उत्तर माझ्या हातात होतं. मी राणोजीच्या रक्ताचा नव्हतो. विहिरीत मेलेल्या, दूर तेलंगणाकडून दगड फोडत आलेल्या कुणाच्या तरी वंशाचा होतो. शेवंताबाई ज्या भावाला शोधत आल्या होत्या, तो माझा पूर्वज होता. त्या माझ्या भाऊबंद होत्या, आणि तुम्ही माझे कुणीच नव्हता.

तुम्ही विचारलंत, ‘कशाचा आहे रे?’

मी डोळा उचलला. समोरच्या भिंतीकडं बघितलं आणि म्हणालो, ‘विहिरीच्या कामाची बोली आहे. किती हात खोदायचं, किती दिवसांत, एवढंच.’

‘माणसांची नावं?’

‘नाहीत.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

तुम्ही म्हणालात, पुढचा घे. मी पुढचा घेतला. तो कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात टाकला. तुम्हाला ते दिसणार नव्हतं, हे मला माहीत होतं. ज्या माणसानं मला अक्षरं दिली, त्याचे डोळे गेल्यावर मी त्याच अक्षरांनी त्याला फसवलं. याहून साधं करून मला ते सांगता येत नाही.

का केलं? त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की मुलींची लग्नं व्हायची आहेत. मुली तेव्हा शाळेत होत्या, त्यामुळं ते कारण खरं नाही. खरी कारणं दोन. एक, मला लाज वाटली. आपण मौर्य की नाही यावर तुमच्याशी वाद घालायला मला मजा यायची, कारण मोरे असण्यावर कुणी वाद घालत नव्हतं. वडाराच्या पोटचा, हे शब्द मनात आले आणि मी मान खाली घातली. लहानपणी वडारवस्तीतल्या पोरांना मी ज्या नावानं हाका मारायचो ते नाव मला आठवलं. दुसरं कारण, ‘मी आहे’ असं तुम्ही म्हणाला होतात ते पुतण्याला. त्या फाटकाशी उभा असलेला मुलगा तुमचा पुतण्या नव्हता, हे कळल्यावर तुम्ही काय म्हणाल, याची मला भीती वाटली. तुम्ही काहीच म्हणाला नसता. आज हे मी खात्रीनं लिहू शकतो. तेव्हा मात्र तुमच्यावर तेवढा विश्वास टाकायला मी कमी पडलो.

समितीच्या बैठकीत तुम्ही शेवंताबाईंसाठी भांडलात. देवकाचं सांगितलंत, त्यांच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितलीत. तात्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, मोडीवाला काय म्हणतो? सगळी बैठक माझ्याकडं वळली. तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी नेमका बोललो. म्हणालो, ‘कागद नाही. नुसत्या ऐकीव गोष्टीवर नाव घातलं तर उद्या कुणीही येईल.’ ज्याला कुणीतरी दार उघडून आत घेतलं होतं त्यानंच ते दार लावून घेतलं, आतून कडी घातली. तुम्ही वहीत शेवंताबाईंच्या नावावर रेघ मारलीत. भीमाला फोन करायचं काम माझ्याकडंच आलं. मी सांगितलं की कागद मिळाला नाही. तो म्हणाला, बरं. दुसरं काही नाही, नुसतं बरं.

त्यानंतरही शेवंताबाई वर्षातून एक-दोनदा तुमच्याकडं यायच्या. पुस्तक रखडतच गेलं, आणि त्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तुमच्या डोळ्यांची चौकशी करायच्या, काकूंच्या पाट्याला टाकी लावून द्यायच्या, चहा घेऊन परत जायच्या. मी आलेलो असलो की मला बाहेर काहीतरी काम निघायचं.

दवाखान्यात तुमच्या उशाशी मी एकटाच होतो त्या दुपारी तुम्ही म्हणालात, ‘त्या शेवंताचं राहिलंच रे.’ मी म्हणालो, बघू नाना. तुम्ही विचारलंत, ‘तू वाचलं होतंस ना नीट?’ आणि मी म्हणालो, हो.

दुसऱ्यांदा खोटं. मरणाऱ्या माणसाला.

तुम्हाला संशय आला होता का, यावर मी बरेच दिवस घालवले. आता तो विचार सोडून दिला आहे. तुम्हाला कळलं असेल तर माझा अपराध कमी होत नाही, आणि कळलं नसेल तर वाढत नाही. तो जेवढा आहे तेवढा माझा आहे.

तुम्ही गेलात. मी सुतक पाळलं. दहाव्याला नदीकाठी भाऊबंदांच्या रांगेत बसून डोकं भादरून घेतलं, मिशी काढली. न्हाव्यासमोरून उठलो आणि मागं बघितलं तर घाटाच्या वरच्या पायरीवर भीमा उभा होता. त्याचंही डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. तो घरूनच करून आला होता, आपल्या रांगेत बसला नव्हता. शेजारी शेवंताबाई. मी वर गेलो आणि विचारलं, तुम्ही कसं काय?

‘सुतक पाळलं,’ त्या म्हणाल्या. ‘दहा दिस घरात गोडधोड केलं न्हाई. भीमानं काम बंद ठिवलं.’

मी म्हणालो, ‘पण...’ पुढं काय म्हणणार होतो मला माहीत नाही.

‘पुस्तकात न्हाई घेतलं, ते ऱ्हाऊ द्या,’ शेवंताबाई म्हणाल्या. ‘सुतक पाळायला कुनाची परवानगी लागती व्हय?’

त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं नाही. माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघून सहज म्हणाल्या. आपला भाऊबंद म्हणून त्या मला ओळखत नव्हत्या, मी त्यांना ओळखत होतो. पायरीवर आम्ही तिघं उभे होतो, एका बापाची माणसं, तुमचं सारखंच सुतक पाळलेली, आणि हे तिघांत मला एकट्यालाच माहीत होतं. नाना, तुमच्यासाठी मी तोवर रडलो नव्हतो. तिथं रडलो. शेवंताबाईंना वाटलं की पुतण्या चुलत्यासाठी रडतोय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेराव्याला अशोकदादानं लिहायला सांगितलं, आणि चौदाव्या दिवशी मी कागद घेऊन गावी परत गेलो. सावेडीच्या घरात लाईट बिलांच्या फायलीत तो अकरा वर्षं होता. फाडायचं धाडस मला झालं नव्हतं. बरं झालं, त्या बाबतीत तरी मी भित्रा निघालो. अशोकदादा, काकू आणि तात्या बसले होते. मी कागद वाचला. या वेळी डोळा उचलला नाही. मग तुम्हाला काय वाचून दाखवलं होतं तेही सांगितलं.

अशोकदादा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. तात्या म्हणाले, आता नाना गेले, विषय संपला, कशाला उकरून काढतोस? मी म्हणालो की विषय नानांनी संपवला नव्हता, मी संपवला होता. तात्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला. मोडी त्यांना येत नाही. शेवटी म्हणाले, ‘म्हंजे तू आमचा न्हाईस.’

तुम्ही गेल्यापासून काकू फारशा बोलत नव्हत्या. त्या तात्यांकडं वळल्या. ‘राणोजीनं ताटात घेतला तवा त्यानं कुनाला इचारलं न्हाई. आता तुमी कोन ठरवनार?’

मी तात्यांना नियमाची आठवण करून दिली. कागद असेल तर नाव, हा त्यांचाच नियम. हा कागद. त्यांना ते पटलेलं नाही, आणि ते माझ्याशी अजून बोलत नाहीत. आणखी दोन घरं बोलत नाहीत. अशोकदादा परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला की मी तुला माफ केलेलं नाही, पण पान बदलायचं. मला तेवढं पुष्कळ आहे.

परवा पाथर्डीला जाऊन आलो. वस्तीच्या तोंडाशी भीमाचा ट्रॅक्टर उभा होता आणि तो कंप्रेसरचा पाईप गुंडाळत होता. शेवंताबाई दारात बाजेवर होत्या. मी बसण्याआधीच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन मग सांगणं मला जमलं नसतं. त्या ऐकत राहिल्या. भीमानं पाईप खाली ठेवला.

‘इतकी वर्सं कुठं ठिवला हुता?’ शेवंताबाईंनी विचारलं.

‘घरात.’

‘आन फोनवर न्हाई म्हनालात.’

‘हो.’

चहा आला नाही, आणि ते योग्यच झालं. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता तो भीमानं ओरडून बंद करायला लावला. मग शेवंताबाई म्हणाल्या, ‘वाचा.’

मी वाचलं. थांबून अर्थ सांगितला. तान्ह्याला मावशीनं नेलं, इथं आल्यावर त्या म्हणाल्या, ‘ते आमी.’ संपल्यावर विचारलं, ‘आमच्या त्या म्हाताऱ्याचं नाव काय दिलंय? मेला त्याचं.’

‘नाही दिलेलं. नुसतं वडारी.’

‘हीर खांदून घेतली, नाव न्हाई इचारलं,’ त्या म्हणाल्या. आणि लगेच, ‘मंग पुस्तकात काय लिवनार?’

आपल्यातल्या एकानं सुचवलं होतं की मूळ पुरुष म्हणून शोभेलसं एखादं नाव घालू. मी तेही त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ‘उगं नाव ठिऊ नका त्याला. हाय तसं लिवा.’

म्हणून वेलीचं पहिलं पान आता असं झालं आहे, नाना. खाली दोन मुळं. एक राणोजी मोरे. दुसरं, ‘विहिरीच्या कामावर मरण पावलेले, नाव लिहिलेले नाही.’ दुसऱ्या मुळातून दोन फांद्या निघतात. थोरली राणोजीच्या घरातून फिरून माझ्यापर्यंत येते. धाकटी पाथर्डीला जाते, शेवंताबाई आणि भीमापर्यंत. पाटण्याची रेघ अशोकदादानं प्रस्तावनेत ठेवली आहे, तुमचं मत म्हणून. मी ती काढू दिली नसती. मात्र तिच्याजवळ आता तेलंगणाकडून येणारी एक रेघही आहे. ती कुठल्या गावातून निघते ते मला माहीत नाही, आणि ते शोधायचं काम माझं. पान काल छापायला गेलं.

पाथर्डीला मी माफीही मागितली. शेवंताबाई उठून घरात गेल्या आणि भीमाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बाहेर आल्या. लग्न पुढच्या महिन्यात आहे. माझ्या हातात देताना म्हणाल्या, ‘पावन्यावानी जेवायला येऊ नका. दोन दिस आधी या. भाऊबंद मांडव घालत्यात.’

मी येतो म्हणालो.

भीमानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझं पोट, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. ‘शिडीवर चडता येतं का?’

‘नाही.’

‘खाली उभं ऱ्हाऊन धरता तर यील?’

ते येईल, नाना. मी सांगून आलोय.